कलबुर्गीपर्यंत इंजिन लागलंच नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज चाचणीची गाडी आली. पांढरी, वर काळं छत. पेट्रोलवर चालते, आणि घरच्या प्लगला लावून चार्ज केली तर पहिले सत्तर-ऐंशी किलोमीटर नुसत्या बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. कंपनी ती जानेवारीत विकायला काढणार. त्याआधी दहा-बारा शोरूमना एकेक दिली आहे, बीदरला आम्हाला.

समर्थसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते आमच्या शोरूमचे मॅनेजर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. म्हणाले, "सिद्धरामअण्णा, दोन महिने ही गाडी तुम्ही चालवायची. रोजची नोंद कंपनीला जाणार. सव्वीस वर्षं तुम्ही नुसतं ऐकून इंजिनचा आजार सांगताय. तुमच्या शब्दाला बीदरमध्ये वजन आहे."

त्यांच्या खिडकीतनं रस्त्यापलीकडचं शोरूम दिसतं. दसऱ्याला उघडलं. तिथं नुसत्या विजेच्या गाड्या. आमच्या कंपनीकडं पूर्ण विजेची गाडी नाही, दोन वर्षं तरी येणार नाही म्हणतात. तोवर समोरच्यांना उत्तर म्हणून ही गाडी. साहेब तसं बोलले नाहीत, पण बघत तिकडंच होते.

बॉनेटला कंपनीचं सील आहे. फोरमनच्या हातात गाडी द्यायची आणि बॉनेट उघडू नको म्हणायचं.

नोंदीसाठी छापील वही मिळाली आहे, तिच्यात रकाने आहेत. बाकीचं लिहायला ही वही मी विकत आणली. बाकीचं म्हणजे काय ते अजून माहीत नाही. फोरमन झालो तेव्हा आनंद झाला होता, ते आठवतं. आज काही झालं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

कलबुर्गीला जाऊन आलो. सकाळी सात वाजता निघालो तेव्हा बॅटरी शंभर टक्के. हुमनाबादला चव्वेचाळीस. कमलापूरच्या अलीकडं अठरा. त्यानंतर अठराच. चढ आला, उतार आला, केळीचे टेम्पो मागं पडले, कलबुर्गीचा रिंगरोड आला, तरी आकडा अठरा. इंजिन लागलं नाही. एकदाही नाही.

स्क्रीनवर मात्र इंजिनकडून चाकांकडं जाणारा नारंगी बाण दिसत होता. म्हणजे स्क्रीनच्या मते इंजिन चालू. मी एसी बंद केला, रेडिओ बंद केला, कान लावला. शांत. असली शांत गाडी मी आजवर चालवली नाही.

पेट्रोलचा काटा एक घर खाली आला होता. इंजिन बंद असताना पेट्रोल जाईल कुठं? छापील वहीत दोन दोष लिहिले. एक, स्क्रीन खोटा बाण दाखवते. दोन, पेट्रोलचा काटा बरोबर नाही. शेऱ्यात लिहिलं, गाडी कंपनी सांगते त्यापेक्षा जास्त लांब बॅटरीवर जाते.

१० नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी शेरा दोनदा वाचला. "अण्णा, खात्री आहे ना? कंपनी स्वतः ऐंशीच्या वर सांगत नाही."

"साहेब, इंजिन चालू असलं तर मला कळणार न्हाई व्हय?"

ते हसले. मग मला गाडीशेजारी उभं करून फोटो काढला. हात बॉनेटवर ठेवा म्हणाले. ठेवला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

माझी बायको म्हाळसा हल्ली बोलत नाही. आधी ही बाई चूल पेटवायच्या वेळेपासून बोलायची. शेजारणीचं, म्हशीचं, माझ्या शर्टाचं. आता मी सकाळी गावाहून, कमठाण्याहून निघतो तेव्हा डबा हातात देते आणि तोंड हलवल्यासारखं करते. परत येतो तर पाठमोरी. काही चुकलं असेल माझं. विचारायला पाहिजे. विचारावंसं वाटत नाही.

थंडी सुरू झाली. सकाळी उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडतात. नट हातात आहे की नाही ते बघून कळतं. हवेवर चालणारा पाना रोज धरला की असं होतं. सगळ्याच जुन्या मिस्त्र्यांना होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

शोरूमच्या दारात बोर्ड लागला. दहा फुटी. माझा फोटो, आणि कन्नड-मराठीत लिहिलंय, "कलबुर्गीपर्यंत इंजिन लागलंच नाही! – फोरमन सिद्धराम, सव्वीस वर्षांचा अनुभव." तोंड समोरच्या शोरूमकडं.

जाणारे-येणारे थांबून वाचतात. दोघांनी हात मिळवले. आत काय वाटतं ते बघायला थोडा वेळ बोर्डाखाली उभा राहिलो. फोटोतला माणूस ओळखीचा होता, एवढंच.

२ डिसेंबर, मंगळवार

आज थोडक्यात वाचलो. दुपारी चहाला रस्ता ओलांडला. समोरच्यांची एक विजेची गाडी रिव्हर्सनं मागं येत होती. अंगाला चाटून गेली. मी पडलो नाही, पण हातातली पावती पडली.

बाबूलाल धावत आला. हा माझ्या हाताखाली बारा वर्षं होता. आता समोरच्यांच्या वर्कशॉपचा प्रमुख आहे. अजून मला उस्ताद म्हणतो. मी त्याला सांगितलं, "बाबू, असल्या मुक्या गाड्या रस्त्यावर आणू नका. माणूस मरल एखादा."

तो मान हलवत काहीतरी सांगत होता, पुन्हा पुन्हा स्वतःच्या कानाकडं बोट दाखवत होता. म्हणजे त्यालाही पटलं. गाडीला आवाजच नाही तर माणसानं करायचं काय. त्यानं माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. मला ते आवडलं नाही. मी काय म्हातारा झालोय?

९ डिसेंबर, मंगळवार

रामाचार्य सर आले. मैलूरला राहतात, कॉलेजचे प्रिन्सिपल म्हणून रिटायर झाले. त्यांची जुनी गाडी अठरा वर्षं मीच सांभाळली. मुलगी सुकन्या कलबुर्गीला डॉक्टर आहे, पंधरा दिवसाला एकदा तिच्याकडं जातात. बाकी गावातल्या गावात. जुनी गाडी आता देऊन टाकायची आहे.

सर म्हणाले, "सिद्धराम, विजेची घ्यावी असं सुकन्या म्हणते. मला रस्त्यात अडकायची भीती वाटते. तुम्ही बोर्डावर लिहिलंय ते खरं का?"

"खरं हाय सर. मी चालवलीय."

सर शेजारी, त्यांच्या पत्नी सुमतीबाई मागं, असे हुमनाबादच्या रस्त्यानं पंचवीस किलोमीटर जाऊन आलो. सकाळपासून दोन गिऱ्हाइकांना फिरवून आणल्यामुळं बॅटरी कमीच होती, तरी गाडी पाण्यासारखी गेली. सुमतीबाई मागं बसून काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक स्तोत्र. सर एकदा मागं वळून बघायचे, एकदा माझ्याकडं. परत आल्यावर दोघं थोडा वेळ गाडीतच बसून राहिले. मग आत येऊन सरांनी बुकिंगचा फॉर्म भरला. पहिलं बुकिंग. साहेबांनी पेढे मागवले.

मी पेढा खाल्ला. गोड होता.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

आज वेळ अमावस्या, सुट्टी. दरवर्षीप्रमाणं सगळे कमठाण्याच्या रानात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपी केली, पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील. तीस-पस्तीस माणसं जेवायला. एवढी माणसं आणि मला नुसतं गुणगुण कानावर येत होतं, तारेच्या खांबाला कान लावल्यासारखं. लोक एकमेकांत हसत होते, मी पण हसलो. कशाला हसलो ते माहीत नाही.

शेवटी अप्पाजवळ जाऊन बसलो. माझा बाप, धुळाप्पा. ऐंशी वर्षांचा, कानानं अधू. जन्म मेंढरांमागं गेला. त्याच्याशी लोक नीट बोलतात. जवळ येऊन, तोंडाकडं बघून, एकेक शब्द सावकाश. अप्पाजवळ बसलं की मलाही सगळ्यांचं बोलणं कळतं. बाकीच्यांशी लोक असं का बोलत नाहीत? सगळ्यांनाच कसली घाई झालीय.

अप्पानं विचारलं, "तुजी नवी गाडी म्हणं आवाजच करत न्हाई?"

"न्हाई करत, अप्पा."

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "माजी मेंढरं बी अशीच गप झाली हुती."

म्हातारपणी माणूस काहीही बोलतो.

२४ डिसेंबर, बुधवार

गाडीच्या कामानं कमठाण्याच्या बाजूला आलो होतो, म्हणून दुपारी घरी जेवायला गेलो. दाराला कुलूप. अर्धा तास पायरीवर बसलो. म्हाळसा तीन वाजता आली, पदराला सांबाराचा वास. मला बघून दचकली नाही. कुलूप काढलं, वाढलं. मी विचारलं, "कुटं गेलतीस?" तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, काहीतरी दोन शब्द बोलली, आणि भांडी घासायला गेली.

मी हं म्हटलं.

६ जानेवारी २०२६, मंगळवार

हे सगळं नीट लिहायचं आहे.

कंपनीकडून विजयश्री मॅडम आल्या, बेंगळुरूहून. तिशीतल्या असतील. मी लिहिलेल्या दोन दोषांवर आल्या होत्या. बाकी कुठल्याच शोरूमनं असले दोष लिहिलेले नाहीत. कन्नडमध्ये बोलत होत्या, सावकाश, म्हणून मला कळत होतं. त्यांनी लॅपटॉप गाडीला जोडला आणि शेजारी बसल्या. बॅटरी मुद्दाम वीस टक्क्यांवर ठेवून आणायला सांगितली होती.

हुमनाबादच्या रस्त्याला लागलो. दहा-बारा किलोमीटर झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता इंजिन चालू आहे की बंद?"

"बंद."

त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा. "आता?"

"बंद."

"गाडी बाजूला घ्या. बंद करू नका."

एका चिंचेखाली थांबवली. त्या उतरल्या, पर्समधून छोटी कात्री काढून बॉनेटचं सील कापलं, बॉनेट वर केलं आणि मला हातानं बोलावलं.

इंजिन चालू होतं. पट्टा फिरत होता, पुली फिरत होती. दोन फुटांवरून मी बघत होतो आणि आवाज नव्हता. मी वाकलो. लांबून कुणीतरी दळण दळतंय एवढंच आलं. हात ठेवला तर थरथर मनगटाला कळली, बोटांना नाही.

 मी पुलीकडं बघत राहिलो. मग मॅडमनी माझ्या समोर येऊन विचारलं, "हवेचा पाना किती वर्षं चालवताय?"

"सव्वीस."

"कानाला कधी काही लावलंत?"

"न्हाई. आवाज ऐकायचा असतो ना."

परत येताना गाडी त्यांनी चालवली. शोरूमच्या दारात बोर्ड होता, तो त्यांनी वाचला. त्यांना मराठी येत नसावी, पण वरची कन्नड ओळ वाचली. उतरताना म्हणाल्या, "स्क्रीन बरोबर आहे आणि काटाही बरोबर आहे. तेवढं मी लिहीन. कारण काय ते मी लिहीत नाही. ते तुमचं तुम्ही लिहा. सोमवारपर्यंत."

घाबरायला पाहिजे होतं. मी जाऊन हात धुतले.

७ जानेवारी, बुधवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं, माझ्या जवळ खुर्ची ओढली आणि मोठ्यानं बोलले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, "गणपतीच्या सुमारास वाटलं होतं. तुम्ही चिडाल म्हणून बोललो नाही."

"आनि तरी बोर्ड लावलात?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "अण्णा, सॉफ्टवेअरमध्ये गडबड होती, आता दुरुस्त झाली, असं लिहू. बोर्ड आठवड्यानं हळूच काढू. कुणाला काही कळायचं नाही. तुमची फोरमनकी राहील. समोरच्यांनी आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ओढलंय, आत्ता हे बाहेर आलं तर ही गाडी बीदरमध्ये संपली. गाडीत तर काही खोट नाही ना?"

गाडीत खोट नाही. हे त्यांचं खरं आहे.

मी विचार करतो म्हटलं. दिवसभर विचार आला नाही. तीन गाड्यांचं ऑइल बदललं.

९ जानेवारी, शुक्रवार

बीदरच्या दवाखान्यात कानाची तपासणी केली. काचेच्या लहान खोलीत बसवलं, कानावर डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबा म्हणाले. पलीकडं एक बाई मशीनपुढं बसल्या.

मी बटण धरून बसलो. मशीन सुरू व्हायची वाट बघत होतो. दोन-चार वेळा काहीतरी आलं, तेव्हा दाबलं. मग पुन्हा वाट बघत बसलो. बराच वेळ गेला. आज मशीन नीट चालत नसेल असं वाटलं. मग बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "झालं."

"सुरू कधी झालं?" मी विचारलं.

त्यांनी कागद पुढं केला. कागदावर दोन रेघा काढल्या होत्या, दोन्ही उजवीकडं खाली गेलेल्या, विहिरीच्या पायऱ्यांसारख्या. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं बरंचसं येईल. वर्कशॉपमधला आवाज आता बंद करा.

घरी येऊन म्हाळसाला कागद दाखवला. तिनं तो हातात घेतलाच नाही. जवळ आली, माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "मला ठाव हाय. दोन वर्सं झाली."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"किती डाव सांगितलं. तुमी हं म्हनायलाव, हं म्हनायलाव. मग म्या सोडून दिलं."

मग तिनं आणखी एक सांगितलं. जूनपासून ती गावच्या शाळेत बिसिऊट, म्हणजे पोरांचं दुपारचं जेवण करायला जाते. सव्वाशे पोरांचा भात आणि सांबार. जायच्या आधी मला विचारलं होतं. मी हं म्हटलं होतं. सात महिने माझी बायको रोज कामाला जाते आणि मला माहीत नाही. सगळ्या कमठाण्याला माहीत आहे.

मी विचारलं, "जमतंय का?"

"जमतंय," ती म्हणाली. "पोरं बोलत्यात माझ्याशी."

११ जानेवारी, रविवार

सकाळी मैलूरला गेलो. रामाचार्य सर ओसरीत पेपर वाचत होते. मी उभ्यानंच सांगितलं. बोर्डावरचं खोटं आहे. इंजिन लागतं. बॅटरी अठरा टक्क्यांवर आली की ती तेवढी राखून गाडी पेट्रोलवर चालते, कलबुर्गीचा शेवटचा तिसरा हिस्सा तर पेट्रोलवरच. मला ऐकू येत नाही, म्हणून मी बंद म्हणालो.

सरांनी पेपर घडी घालून ठेवला. सुमतीबाई आतून आल्या. माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि प्रत्येक शब्द नीट उच्चारत म्हणाल्या, "त्या दिवशी मी मागून तुम्हाला तीनदा विचारलं. सिद्धराम, हे इंजिन लागलं का? तुम्ही पुढं बघत गाडी चालवत होतात."

"मला वाटलं, स्तोत्र म्हणताय."

"नाही हो."

मी सरांना विचारलं, "ऐकू आलं हुतं तर बुक कामून केलीत?"

सरांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात. तुमच्या तोंडावर कसं म्हणायचं? आणि अठरा वर्षांत तुम्ही कधी चुकीचं सांगितलं नाही. गाडी कुठलीही घेतली तरी तुमच्याकडंच आणायची होती."

म्हणजे एका बहिऱ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून दोन म्हातारी माणसं गाडी घेत होती.

मी म्हटलं, "सर, आता नीट सांगतो. ही गाडी वाईट न्हाई. ज्याला लांब फिरायचंय, हैदराबाद, पुणे, त्यानं घ्यावी. तुमाला गावात फिरायचंय आणि पंधरा दिवसाला कलबुर्गी. घरात प्लग हाय, हुमनाबादला चार्जिंग हाय, आनि सुकन्याताईंच्या घरी बी लावता येतं. तुमी समोरची विजेची घ्या. बाबूलाल माझ्या हाताखाली शिकलाय. नीट बघंल."

"तुमच्या साहेबांना काय सांगाल?"

"हेच."

सुमतीबाईंनी पोहे दिले. मी जेवून आलो होतो, तरी खाल्ले.

१२ जानेवारी, सोमवार

कंपनीला पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं, साहेबांना म्हटलं इंग्रजी तुम्ही करा. "स्क्रीन बरोबर आहे. काटा बरोबर आहे. गाडी चालवणाऱ्याला ऐकू येत नाही. माझ्या सर्व नोंदींतले इंजिनबद्दलचे शेरे रद्द समजावेत." खाली सही.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "रामाचार्यांनी बुकिंग रद्द केलं. सकाळी फोन आला. तुम्ही गेला होता?"

"व्हय."

"समोरची घ्या म्हणालात?"

"व्हय."

ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि खिडकीतनं समोर बघत राहिले. दुपारी दोन माणसं शिडी घेऊन आली, बोर्ड उतरवला. फोटो असलेली बाजू खाली करून मागच्या शेडमध्ये ठेवला.

२० जानेवारी, मंगळवार

कंपनीचं उत्तर आलं. एक ओळ. "आपले पत्र मिळाले, नोंद घेतली." चाचणीची गाडी ट्रकवर चढवून परत नेली. तिचं शेवटचं चार्जिंग मीच काढलं.

फोरमनकी गेली. दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी चालवून, ऐकून पास करायची, ते काम दुसऱ्याकडं. मला स्पेअर पार्टच्या काउंटरला बसवलं. साहेब म्हणाले, एप्रिलमध्ये बॅटरीच्या गाड्यांचं शिक्षण आहे पुण्याला, त्यात सगळं स्क्रीनवर बघून करायचं असतं, कान लागत नाही, नाव पाठवू का? मी पाठवा म्हटलं.

दुपारी बाबूलाल रस्ता ओलांडून काउंटरला आला. समोर उभा राहून सावकाश म्हणाला, "उस्ताद, सरांची गाडी शनिवारी देतोय. तुमी या. तुमच्या हातानं किल्ली द्या."

"मी कशाला? तुमचं दुकान हाय."

"सरच म्हणायलेत."

२४ जानेवारी, शनिवार

गेलो. जेवणाच्या सुट्टीत, कंपनीचा शर्ट बदलून. हार घातलेली निळी गाडी. सरांच्या हातात किल्ली दिली. फोटो काढू लागले तेव्हा मी बाजूला झालो, सुमतीबाईंनी हाताला धरून परत आणलं. आमच्या शोरूमच्या काचेतनं समर्थसाहेब बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. मला केला की सरांना, कळलं नाही. मी पण केला.

काहीतरी वाटलं. चांगलं की वाईट ते सांगता येत नाही, पण वाटलं.

३१ जानेवारी, शनिवार

दोन्ही कानांना यंत्र बसवलं. पहिला तास नको झाला. स्वतःच्या चपला वाजतात. कागद फाडला की पत्रा फाडल्यासारखं होतं. बसस्टँडवर उभं राहवेना. बसवणारी बाई म्हणाली, पंधरा दिवस धीर धरा, मेंदूला सवय गेलेली असते.

इंजिनचा आवाज येतो. पण कुठलं इंजिन, कसलं दुखणं, ते कळत नाही. नुसता आवाज.

अप्पाकडं गेलो. म्हटलं, तुला पण बसवून आणू. तो म्हणाला, "मला कुनाचं ऐकायचंय आता?"

८ फेब्रुवारी, रविवार

मला वाटलं होतं, यंत्र आलं की म्हाळसा पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागेल. तसं झालं नाही. आठ दिवस ती गप्पच आहे. रागात नाही. तिला सवयच राहिली नाही. चहा झाला की कप माझ्या पुढं सरकवते. पाहुणे आले की दंडाला हात लावते. जेवायचं झालं की दारात येऊन तोंडाकडं हात नेऊन दाखवते, अप्पाला दाखवतात तसं. मला आता दिसतंय, दोन वर्षं हे घर हातांनीच चाललं होतं आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

आता मी ओसरीत ही वही घेऊन बसलोय. दुपारचा एक वाजलाय. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. ती दारात आली आणि हात तोंडाकडं नेला.

मी म्हटलं, "हातानं नको. तोंडानं बोलीव."

ती तशीच उभी राहिली. "कामून? दिसायलंय की तुमाला."

"दिसायलंय. पण बोलीव."

तिनं पदर सारखा केला, इकडं-तिकडं बघितलं, जशी काही ओसरीत चार माणसं बसलीत, आणि काही न बोलता आत गेली. मला वाटलं, संपलं. मी पुन्हा लिहायला लागलो.

मग आतून आवाज आला. हळू, घसा न साफ करता.

"अवो. जेवायला या."

ऐकू आलं. शब्दन् शब्द आला.

मी उठलो नाही. वहीत डोकं घालून तसाच बसून राहिलो, ऐकू न आल्यासारखा. थोडा वेळ गेला, आणि तिनं परत हाक मारली.